सतराव्या खोलीतले बारा

४ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र आणि सोबतची खेळांच्या मेळाव्याची रंगीत पत्रिका मिळाली. पत्रिकेवरून हात फिरवला तर बोटं काळी झाली. शाई धड वाळूही न देता लोकांच्या घरी पाठवतात, यावरूनच पुढचं सगळं कळतं. मी येणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

गेल्या वर्षी आले होते तेवढं पुरे झालं. दोन हजार माणसं एका हॉलमध्ये, उघडणारी खिडकी एक नाही, आणि त्यातल्या निम्म्यांनी तीन दिवसांत अंगाला पाणी लावलेलं नाही हे नाकच सांगत होतं. पायाखालचा गालिचा चपचपत होता. कशाने, ते मी वाकून पाहिलं नाही. टेबलावर सगळ्यांनी मिळून वापरायचे फासे ठेवले होते आणि ते बोटांना चिकटत होते. फासा बोटाला चिकटतो, धाकट्या! मी रुमालात धरून टाकले तर तो बिल्लेवाला स्वयंसेवक म्हणतो, "काकू, हातानेच टाका, नियम आहे." शेजारचा गृहस्थ बोट जिभेला लावून पानं उलटत होता. मी सव्वीस वर्षं ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात पुस्तकं शिवते आहे. पुस्तकांत नखं पाहिली, केसांचे गुंते पाहिले, एकदा तर कुणी खूण म्हणून ठेवल्यासारखं चपटं झालेलं झुरळ पाहिलं. पण त्या चाटलेल्या बोटाची जेवढी शिसारी आली, तेवढी मला झुरळाचीही आली नव्हती.

आणि आमच्या टेबलावरचा तो वकील. त्याचे फासे मी पाण्याच्या ग्लासात सोडून दाखवले. दहादा सोडले, दहादा सहाच वर आले. आत शिसं भरलेलं. सगळे हसले, तोही हसला, आणि दुसरे फासे देऊन त्याला पुन्हा खेळायला बसवला. खेळच तर आहे, म्हणे. मी तिथून उठले ती थेट बस स्टँडवर गेले. खोटा फासा पाडणाऱ्यासोबत मी परत एका टेबलावर बसणार नाही. मग तो वकील असो, तू असो, नाहीतर आपला मामा असो. लिहून ठेव.

आता पुस्तकाचं. मामाची 'मिठाची खाण' छापतोयस हे आयुष्यात तू केलेलं पहिलं शहाणपणाचं काम. प्रस्तावना लिहायला तुला सुचत नाहीये म्हणतोस, तर हे घे. आपला मामा मोजणी खात्यात होता. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायचा आणि संध्याकाळी आपल्या दोघांसाठी जमिनीखालच्या खोल्यांचे नकाशे काढायचा, मापासकट. तो सूत्रधार होऊन पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसून समोर काय दिसतंय ते सांगायचा, आपण काय करणार ते आपण बोलायचं, आणि फासे पडतील तसं जगायचं-मरायचं. निवृत्त झाल्यावर त्याने ती खाण संगणकावर चढवली, आणि सहा गावांची माणसं आपापल्या घरी बसून आठ वर्षं त्याच्याबरोबर त्या खाणीत फिरली. आता त्याला संगणकावरची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून हे पुस्तक. म्हणून त्याची एक प्रत जाड अक्षरांची, माझ्या हातच्या बांधणीची, जिच्यावरून तो मेळाव्यात शेवटचा डाव चालवणार आहे.

आणि सतराव्या खोलीचं लिहायचंच. मी तेरा वर्षांची, तू नऊचा. खेळातल्या तुझ्या गड्याच्या गळ्याशी पाणी आलं होतं, झडप उघडायला दोन्ही फाशांवर सहा हवे होते. मी पडद्यावरून आत फासे टाकले आणि मामा ओरडला, "बारा!" दुसऱ्या दिवशी मावशीचं बिऱ्हाड हललं, तुमचं सामान ट्रकमध्ये चढलं. तेव्हापासून खेळाचं बोलणं पत्रातून आणि फोन फक्त आजारपणासाठी, ही मामाची शिस्त आपण एकेचाळीस वर्षं पाळतोय. लिही, की फासे खरे होते. हल्लीच्या लोकांना कळू दे.

तू पुस्तकाच्या पाठीची जाडी बावीस मिलिमीटर कळवली होतीस. त्या मापाने पुठ्ठे कापून कापड चढवून ठेवलंय. छापून घडी घातलेल्या पानांचे फर्मे पाठव, म्हणजे शिवायला घेते. काळजी करू नकोस, वाचणार नाही. खेळणाऱ्याने सूत्रधाराचं पान बघायचं नाही, हे मामाने शिकवलंय आणि ते मी विसरलेले नाही.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. उशिराबद्दल शिव्या घालशीलच, म्हणून आधीच कान धरतो. आमच्या प्रयोगशाळेत सध्या कवळ्यांचा पाऊस पडतोय. काल एका दिवसात एकोणीस कवळ्या घासल्या. एक गृहस्थ जुनी कवळी नमुन्याला म्हणून देऊन गेले, ती त्यांनी धुतलीसुद्धा नव्हती. तुझ्या झुरळाला माझा नमस्कार सांग आणि हे प्रकरण त्याच्या पुढचं होतं असंही सांग. उरलेल्या प्लास्टरमधून मात्र मी मामासाठी बाहुल्या ओतल्यात: मिठाचा राक्षस, दोन पहारेकरी आणि आपण दोघं. तुझ्या बाहुलीचं नाक साच्यात मोडलं. मुद्दाम नाही.

पुस्तकाचं काम बरं चाललंय. थोडा फरक पडलाय. कागद पातळ घ्यावा लागला, तेव्हा पाठ बावीस नव्हे, अकरा मिलिमीटर कर. तुझं तयार काम वाया गेलं, त्याबद्दल खरंच वाईट वाटतं.

प्रस्तावनेत सतरावी खोली नको, ताई. आपल्या घरातली गोष्ट आहे ती. बाहेरच्यांना बढाई वाटेल. आणि फासे खरे होते असं छापून सांगायला लागणं हेच कसंतरी नाही का? मी मामाचा स्वभाव, त्याचे नकाशे, असं काहीतरी लिहितो.

मजकूर मी फक्त मांडतोय. सूत्रधाराचा भाग आला की नजर बाजूला करतो. शप्पथ.

मेळाव्याला मी मामाला घ्यायला स्वतः येईन. त्याला बसमध्ये एकटा चढवू नकोस.

तुझा,
धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

फर्मे मिळाले. ही काय चेष्टा आहे? आठ वर्षं खपून एवढंसं पुस्तक? पाठीला काही अंगच नाही, उभं ठेवलं तर आडवं पडतं. पातळ कागद म्हणतोस, पण बोटांना तर तो पहिल्या नमुन्याचाच वाटला. नमुना कुठे ठेवलाय सापडत नाहीये, नाहीतर शेजारी धरून बघितला असता. माझीच बोटं बोथट झाली असतील. सव्वीस वर्षं खळीत हात घालून आणखी काय होणार.

एका फर्म्याला कोपऱ्यात तेलाचा अंगठा उमटलाय. तुझ्या छापखान्यात मशीनवर बसून खातात का? मी तो कोपरा खडूची पूड लावून इस्त्रीने शोषून घेतला. तरी उजेडात धरलं की दिसतोच. मला दिसतो म्हणजे पुरे, माझा जीव खालीवर व्हायला तेवढं बास आहे.

शिलाई करताना पानांवर कोरा कागद ठेवत होते, नजर चुकून जायला नको म्हणून. विभागातल्या बाई हसत होत्या. हसू देत. पाठ अकरा केली, गडद निळं कापड, आत मामाचा खाणीचा नकाशा अस्तर म्हणून. नकाशा बघायला मला मनाई नाही, त्यात मी चालले आहे.

मामाला पुस्तक हातात दिलं तेव्हा त्याने आधी वास घेतला. मग भिंग लावून पहिलं पान वाचलं, मोठ्याने, राक्षसाच्या आवाजात. मी म्हटलं, पुढचं वाचू नकोस, मी खोलीत आहे. तर म्हणतो, "मोठे, आता मेळाव्यातच उघडतो. आठ वर्षं मी अर्धं लिहायचो आणि अर्धं दुमडून आत ठेवायचो. आता सगळं एका जागी आलं. आता मी नसलो तरी कुणीही चालवू शकेल." रोज संध्याकाळी पुस्तक मांडीवर ठेवून आवाजांचा सराव करतोय. न उघडता. शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं, घरात कुणी आलंय का.

त्याला सांभाळून ने. त्या हॉलमध्ये कुठल्याही फाशाला हात लावू देऊ नकोस. आपले दोन डबीत घालून दिलेत.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

मेळावा झाला. मामाला घरी सोडून मी लगेच परतलो, तुला भेटायला थांबलो नाही, राग मानू नकोस. कामावर बोलावणं होतं.

तुझी बांधणी सगळ्यांनी उचलून उचलून पाहिली. एकाने तर विचारलं की कापड कुठून आणलं. छापलेल्या तीनशे प्रतीही बऱ्यापैकी गेल्या. हॉल गेल्या वर्षीपेक्षा वाईट होता. आमच्या टेबलाखाली कुणीतरी चघळून चिकटवलेले गोळे होते, एकाला माझा गुडघा लागला, तिथे पँट अजून कडक आहे.

मामाच्या टेबलावर सहा जण होते. त्यातली एक शिक्षिका आठ वर्षं त्याच्याबरोबर संगणकावर खेळलेली, ती पाया पडायलाच वाकली. सुरुवात छान झाली. मग मामा जरा दमला. थोडा गोंधळ झाला. झालं असं, की संगणकावरच्या मजकुरात प्रत्येक खोलीचे दोन भाग आहेत. वरचा खेळणाऱ्यांना वाचून दाखवायचा, आणि खालचा सूत्रधारासाठी, दुमडलेला, बोटाने दाबल्यावर उघडणारा. छापताना दुमडलेला भाग यंत्राने घेतलाच नाही. त्यामुळे छापील प्रतीत खोल्यांची नुसती वर्णनं आलीत. यंत्राची चूक. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे, संगणकावरून कागदावर आणताना.

मामाने मध्येच डाव थांबवला. बसमध्ये झोपला होता. दोन दिवसांत ठीक होईल.

धाकटा


३ मार्च

धाकट्या,

दोन दिवस होऊन गेले. ठीक झालेला नाही.

आधी मी काय पाहिलं ते सांगते. मामाच्या शेजारच्या मुलीला तुमच्या त्या टेबलाचं चित्रण कुणीतरी फोनवर पाठवलं होतं. "ताई, हे तुमचे मामा का?" म्हणून तिने दाखवलं. चार मिनिटांचं आहे. खाली हसणारी तोंडं टाकलीत लोकांनी. मामा पान उलटतो, मागे येतो, भिंग लावतो, पुन्हा उलटतो. सात वेळा. समोर एक जण खातोय, बोटं शर्टाला पुसतोय आणि विचारतोय, "आजोबा, खोलीत काय आहे?" मामा म्हणतो, "इथे मी काहीतरी लिहिलं होतं." मग कुणीतरी मागून म्हणतं, "रिकामी दिसतेय खोली," आणि हशा. मामा पुस्तक मिटतो. माझं निळं कापड त्याच्या हाताखाली. म्हणतो, "माफ करा. मी लिहायचं विसरलो असेन."

त्या माणसांची मला ओकारी आली. पण मी पुन्हा बघितलं, तेव्हा दिसलं की मामाच्या मागे तू उभा आहेस. हातात प्लास्टरच्या बाहुल्या. तू काही बोलत नाहीस. चार मिनिटं.

मामा मला म्हणाला, "मोठे, तुझ्या भावाला फाईल देण्याआधी मी शेजारच्या मुलीला बसवून सगळे दुमडलेले भाग उघडून घेतले होते, असं मला वाटत होतं. उघडले नसतील. कोण जाणे, लिहिलेच नसतील." मी यंत्राची चूक म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "तू माझी समजूत घालतेस." आता तो बोलताना मध्येच थांबतो आणि आपण थांबलो म्हणून घाबरतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखर. चहा. मीठ. खाणीच्या चाळीस खोल्या ज्याच्या डोक्यात आहेत, तो माणूस मिठाच्या डब्यावर मीठ लिहून ठेवतो. नकाशांची पेटी रद्दीवाल्यासाठी दाराशी काढून ठेवली होती, ती मी उचलून माझ्या घरी नेली. आणि वृद्धांच्या निवासाचा अर्ज भरलाय. तीस तारखेला घर सोडणार म्हणतो. "डोकं गेल्यावर नेण्यापेक्षा असताना गेलेलं बरं." मी तो निवास पाहून आले. भिंतींना कंबरेइतका तेलकट पट्टा आहे, हात धरून चालणाऱ्यांचा. चहाचे कप एकाच बादलीत बुचकळतात.

मी शेजारच्या मुलीला विचारलं. तिला आठवतंय. चाळीसच्या चाळीस खोल्या तिने उघडून दिल्या होत्या आणि मामाने त्या तशाच ठेवून तुला पाठवल्या होत्या. मामाला हे सांगितलं तर म्हणतो, तीही समजूत घालते.

आता दुसरं. नमुन्याचा कागद सापडला. खळीच्या डब्याखाली होता. फर्म्याच्या कागदाशेजारी धरला, मापकात घालून पाहिला. तोच कागद आहे, धाकट्या. केसाइतकाही पातळ नाही. मग बावीसची पाठ अकरा कशी झाली? तू डिसेंबरात मला बावीस कळवलीस, ती कशावरून मोजलीस? पानं मोजल्याशिवाय पाठ सांगता येत नाही. म्हणजे डिसेंबरात पूर्ण पुस्तक तुझ्यासमोर होतं. सगळं उघडलेलं. आणि जानेवारीत कुणीतरी ते अर्धं केलं. यंत्र पंधरवड्याने विचार बदलत नाही.

तुला मी कडेवर घेतलंय, तुझं नाक पुसलंय. आज तुझं अक्षर पाकिटावर दिसलं तरी हात धुवावेसे वाटतात. का केलंस ते लिही. मामाला फक्त खरं पटेल. माझं समजावणं तो आता ऐकत नाही.

ताई


१५ मार्च

ताई,

चार पत्रं लिहून फाडली.

तुझं बरोबर आहे. यंत्राने काही केलं नाही. मी केलं.

नजर बाजूला करतो म्हणालो होतो तेही खोटं. मांडणी करताना मी सगळं वाचलं. आधी एक खोली, मग राहवेना. तुला कळायचं नाही ताई, त्यात आपण दोघं जागोजागी आहोत. "मोठी इथे दार न ठोठावता शिरते, तिला शिरू द्या." "धाकटा इथे भूक लागली म्हणेल, ती भीती असते." मी प्रयोगशाळेत मास्क लावून रडलो, सगळ्यांना वाटलं प्लास्टर डोळ्यात गेलं.

मग सतरावी खोली आली. जसं आहे तसं उतरवतो:

"सूत्रधारांनो, या खोलीत मी एकदा लबाडी केली. फासे दोन आणि एक पडले होते. मी बारा सांगितले. धाकटा दुसऱ्या दिवशी गाव सोडणार होता आणि बुडालेला गडी घेऊन त्याने जावं हे मला बघवेना. मोठीला हे कधी सांगितलं नाही, तिचा फाशांवर फार विश्वास आहे. आयुष्यात एकदा तुम्हीही अशी लबाडी करा. दोनदा करू नका."

आणि तीन दिवसांनी तुझं पत्र आलं. लिही की फासे खरे होते. खोटा फासा पाडणाऱ्यासोबत बसणार नाही, मग मामा असो. लिहून ठेव म्हणालीस. मी लिहून ठेवलं नाही, पण ते डोक्यातून जाईना. तू बोललेलं कधी मागे घेतलं आहेस? सख्ख्या काकाशी अकरा वर्षं बोलली नाहीस, पत्त्यात एक पान लपवलं म्हणून.

नुसती सतरावी काढून टाकायचा विचार केला. पण मामाने पुढच्या तेवीस खोल्यांत तिचा उल्लेख केलाय. इथे सतराव्यासारखं करू नका, तिथे सतरावी आठवा. त्याच्या मजकुराला तेवीस ठिकाणी कात्री लावायचा धीर झाला नाही. एक कळ दाबली की सगळेच भाग मिटत होते. छापखानेवाला दाराशी उभा होता. मी कळ दाबली.

वाटलं, मामाला पुस्तक कशाला हवं, त्याला सगळं पाठ आहे. निदान त्याची प्रत तरी पूर्ण ठेवायची होती, पण ती तुझ्या हातून जाणार होती. तू बघणार नाहीस म्हणत होतीस, पण मला वाटलं, एक नजर तरी जाईलच. मी पाहिलं, म्हणून तूही पाहशील असं वाटलं.

त्या चार मिनिटांत मी बोललो असतो तर कारण सांगावं लागलं असतं, सगळ्यांसमोर. म्हणून गप्प राहिलो. आरशात बघून दाढी करतो तेव्हा घाण वाटते. तू हात धुतेस ते बरोबरच आहे.

आता तुला कळलंय. माझ्यावर थुंक, पण मामाशी बोलणं सोडू नकोस. त्याने ते माझ्यासाठी केलं होतं. पूर्ण फर्मे छापून सोबत पाठवतोय. मामाला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यात फोन उचलायची हिंमत नाही.

धाकटा


२३ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र ग्रंथालयात, उभ्याने वाचलं. मग हात धुतले. खळीचे होते म्हणून नाही.

तो पडदा कुणी केला होता आठवतं? मीच. माझी पहिली बांधणी. दोन पुठ्ठे आणि मध्ये कापडाची बिजागरी. कापड कमी पडलं होतं, खालच्या बाजूला बोटभर फट राहिली होती. मी बसायचे तिथून ती फट बरोबर समोर यायची. फासे आत पडले आणि मला दिसले. दोन आणि एक. मग मामाने तुझ्याकडे बघितलं, आणि ओरडला, "बारा!"

मला माहीत होतं, धाकट्या. त्याच क्षणी माहीत होतं. तू नाचत होतास, मामा हसत होता, आणि मी म्हटलं, बघा, मी टाकले! कारण मला ते बारा हवे होते. तेव्हापासून मी ज्याला त्याला ती गोष्ट सांगत सुटले, फासे खरे होते म्हणून. कुणी शंका काढली नव्हती तरी सांगायचे. आणि जगातला प्रत्येक फासा पाण्यात बुडवून बघत बसले. त्या वकिलावर मी एवढी का पेटले होते, ते मला त्या ग्लासासमोरही ठाऊक होतं. निदान तो माणूस पकडला गेल्यावर हसला तरी. मी काकाशी अकरा वर्षं बोलले नाही.

म्हणजे तू जे माझ्यापासून लपवायला पुस्तक रिकामं केलंस, ते माझ्याकडे आधीपासून होतं. माझ्या तोंडच्या फुशारकीला भिऊन तू मामाला तोंडघशी पाडलंस. मला तुझी किळस यायची थांबलेली नाही, तू भित्राच आहेस आणि मी चोरून बघेन असं तुला वाटलं हे मी विसरणार नाही. पण या आठवड्यात सगळ्यात जास्त किळस मला माझी आली. आपण दोघांनी मिळून एका शहाण्या माणसाला मिठाच्या डब्यावर मीठ लिहायला लावलं.

काल दुपारी त्याच्याकडे गेले. तो सामान बांधत होता. कपाटातून चार सदरे काढून खाटेवर ठेवले होते आणि त्यांच्यावरही चिठ्ठी होती, "चार". मी काहीच समजावलं नाही. समोर बसले आणि विचारलं, "मामा, सतराव्या खोलीत मी फासे टाकले तेव्हा खरे किती पडले होते?"

"दोन आणि एक," तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही. मग सदरा हातातच राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. "तुला कुणी सांगितलं?"

मी फट सांगितली. मग तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, मास्क लावून रडलास तेही. मला वाटलं रडेल. तर तो लाल होत होता. इतका चिडलेला मी त्याला आयुष्यात पाहिला नाही. "एक जण लपवतो, दुसरी एकेचाळीस वर्षं दडवते, आणि वेडा कोण ठरतो? मी! त्या हॉलमध्ये! ज्याचे हात खरकटे, तो मला हसतो!" सदरा माझ्या अंगावर फेकला. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि टराटरा आवाज ऐकू आला. जाऊन बघितलं तर चिठ्ठ्या काढत होता. मिठाची निघेना, मी खळ जरा घट्टच करून दिली होती त्याला. नखांनी खरवडून काढली.

निवासाचा अर्ज परत मागितलाय. त्यांनी नाव घातलेली पाटीसुद्धा तयार केली होती, ती घेऊन जा म्हणाले.

तुझे फर्मे मिळाले. बावीसचं ते तयार काम मी फेकलं नव्हतं. चांगलं कापड फेकवत नाही मला. शिलाई सुरू केली आहे. पानांवर कोरा कागद ठेवूनच. सतरावी तू मला पत्रात वाचायला लावलीस, ती एक गेली. बाकीच्या एकोणचाळीस मी बघणार नाही.

मामाला हे पत्र दाखवलं. खाली त्याला लिहायचंय म्हणाला. जाड पेन घेतलंय, जागा सोडते.

ताई


धाकट्या,

तुझा गडी सतराव्या खोलीत आहे. पाणी गळ्याशी आहे. झडप उघडायला बारा हवेत.

रविवारी ये. फासे तू टाकायचे. मोठी बघेल, मी बघेन. पडदा मी चुलीत घातला.

मामा